चमचा

बुटांवर कापडी पिशव्या चढवा, म्हणाली आंटी कहिकिना.
(हवाईत सगळ्याच वडीलधाऱ्या बायका आंटी.)
स्वतः मात्र अनवाणी,
टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याला जुनी ठेच.
आम्ही चौदाजण पाय घासत निघालो दिवाणखान्यातून
आणि जाता जाता, फुकटात,
राजाच्या लाकडी जमिनीला पॉलिश करत गेलो.

खिडक्या समुद्राकडे. लाव्हाच्या काळ्या दगडाच्या भिंती,
वरून पोवळ्यांच्या चुन्याचा गिलावा.
केवड्याच्या जातीच्या पानांची चटई,
घडी घातली तर रुमालात जमा होईल अशी.
पण कोपऱ्यात काहीच नाही,
जमिनीवर नुसती पांढऱ्या टेपची चौकट:
इथे कपाट होतं.
तिथे घड्याळ.

राज्य गेलं, मग लिलाव झाला,
आंटी सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं.
पलंग कुणी नेला, आरसे कुणी,
दोन खुर्च्या म्हणे कुठल्याशा दंतवैद्याकडे,
पेशंट बसवायला.
टेपच्या आत पाय ठेवू नका.
कुणी ठेवला नाही.

तेवढ्यात आयोवाचा तो म्हातारा,
सकाळपासून न बोललेला, मागे राहिला.
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं खिशातून.
चमचा. चांदीचा, काळवंडलेला,
दांड्यावर मुकुट,
कडेला कुठल्यातरी बाळाच्या दातांची खूण.
आम्ही याने मुरंबा वाढायचो,
एवढंच म्हणाला.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत,
चिमूटभर साखर तरी घालतात.
मला उगाच आठवलं.

आंटीने आभार मानले नाहीत.
तळहातावर जोखला, वहीतल्या यादीवरून बोट फिरवलं,
बारापैकी सातवा.
मागच्या नळावर जाऊन अंगठ्याने घासला,
फुलाफुलांच्या झग्याला पुसला
आणि काचेच्या पेटीत नाही,
मांडलेल्या ताटाच्या उजव्या हाताला ठेवला,
जरासा तिरका. मग सरळ केला.

बसचा हॉर्न वाजला. आम्ही पायरीवर बसून पिशव्या सोडत होतो.
आंटी परसातून आली, हातात नीरफणस,
त्याच वर्तमानपत्रात कसाबसा गुंडाळलेला,
बातम्यांवर चीक ओघळत होता.

म्हातारा म्हणाला, विमानतळावर नेऊ देणार नाहीत.
मग त्याआधी भाजून खा,
म्हणाली आंटी, आणि दार ओढून घेतलं.