मेडिकल टाइमआउट

पाच-चार. सेट पॉइंट. आणि नेमकी आत्ताच
त्याची मांडी धरली.
"सोंग!" स्टाव्रूला ओरडली,
टोपीत बर्फ भरून बसलेली.
"आमच्याकडेही असंच,
भांडी घासायची वेळ झाली
की ह्यांची कंबर धरते."

मेलबर्नचं ऊन बेचाळीस.
फिजिओ पट्टी गुंडाळतोय सावकाश,
पलीकडे दुसरा, हात थंड पडू नये म्हणून
चेंडूशिवायच सर्व्हिस करतोय.
हुर्यो उडाली. मीही उडवली,
तोंडात चिप्स होते तरी.

मग तो उठला, दोन पॉइंट खेळला
आणि लंगडत जाळीपाशी जाऊन
हात पुढे केला.

टाळ्या सुरू झाल्या. तुरळक, चोरट्या.
स्टाव्रूला टोपीतलं पाणी
स्वतःच्या सुजलेल्या गुडघ्यावर ओतत होती.
"खरं असेल," म्हणाली,
"पण वेळ बघ ना कुठली काढली."