दुसरी ओळ

ग्दिनिया. नोव्हेंबर. दुपारचे चार आणि बाहेर गच्च अंधार.
संगणकाच्या पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र,
खोली दोनशे सात, कोपऱ्यात रेडिएटर खोकतो.
फळ्यावर मी जर-तरची सारणी आखते:
चार ओळी, तीन खऱ्या.
खोटी फक्त दुसरी.

पोरं कुरकुरतात, दरवर्षीसारखी.
झेमोविट म्हणतो, म्हणजे ‘जर’ खोटं निघालं
की पुढे काहीही बोला, सगळं खरं? चैनच आहे!
आहेच चैन.
आत्याबाईला मिशा असत्या तर ती काका,
तर ती आरमारप्रमुख, तर ती बंदरातला दीपस्तंभ.
यंत्राला त्यात काही वावगं वाटत नाही.

उदाहरण द्या, मी म्हणते. घरातलं.

यागना उठते, बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या.
‘सुट्टी मिळाली, तर नाताळच्या आदल्या रात्री येईन.’
बाबा. ओलेसुंदला, मासळीच्या कारखान्यात.
तीन वर्षं सुट्टी मिळाली नाही. तीन वर्षं आला नाही.
स्वतःच खडू घेते, चौथ्या ओळीपुढे
एकचा आकडा काढते,
इतका दाबून की खडू मोडतो.
‘म्हणजे तो खोटं बोलला नाही,’ म्हणते,
आणि जागेवर जाऊन बसते.

त्या रात्री आमच्याकडे घरोघर
एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्यासाठी.
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
मी व्यत्यासाकडे वळले.

सतरा डिसेंबरला ती माझ्या दारात. कोटावर बर्फ.
सुट्टी मिळत होती.
दरवर्षी अकरा दिवस.
बाबाच्या जोडीदाराची बायको दुकानात सहज बोलून गेली,
अंडी निवडता निवडता.

‘मग तिन्ही वर्षं दुसऱ्या ओळीत सरकवायची ना?’
हो.
‘आणि मी काढलेला एक?’
तुझी रीत बरोबर होती, म्हणाले. गृहीतक चुकीचं होतं.
हे मी तिसऱ्या आठवड्यात शिकवते,
परीक्षेत दोन गुणांना येतं.

ती मान हलवत राहिली, जरा जास्तच वेळ.
मग मफलर गुंडाळताना म्हणाली,
ताट मात्र यंदाही मांडणार.

का, ते मी विचारलं नाही.
प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहा,
असं मी वर्गात सांगते.
वर्गात.