गाभण, गरोदर

रटलेजने खताच्या पिशवीतून जुळी आणली.
एक पुरतं वाढलेलं, लोकर ओली,
दुसरं केव्हाच वाळून गेलेलं, खारकेच्या रंगाचं.
सोबत बादलीत वार.
पेनरिथला मार्चमध्येही थंडीच असते.
त्याने टोपी काढली नाही, बूट मात्र दोनदा पुसले.
"आठवड्यातली नववी," म्हणाला.

वारेच्या लाल बोंडांवर पांढरे कण,
ओटीच्या ताटात कुंकवावर तांदूळ सांडावेत तसे.
हे मला सुचायला नको होतं.

काचेखाली तो सापडतो:
चंद्रकोर.
आई कपाळावर कोरायची तितकीच रेखीव,
एका पेशीची.

मराठीत मेंढी गाभण असते, बाई गरोदर.
मेंढी गाभडते.
बाईचं "राहिलं नाही" म्हणतात, तेही आवाज उतरवून.
त्याला यातला एकही शब्द येत नाही.
त्याला वार कळते.

भिंतीवर पिवळा कागद आहे: गरोदर स्त्रियांनी हात लावू नये.
तीन वर्षं मी त्याच्याच शेजारी कोट टांगते.
अकरावा आठवडा. कुणाला सांगितलेलं नाही.
ग्वेनने काही न विचारता बादली आपल्याकडे ओढली.

दुपारी माझ्या रक्ताचा अहवाल आला.
जुना संसर्ग. कधीचा, ते लिहिलेलं नाही.
मला ठाऊक आहे.
चिपळूणला मागच्या अंगणात बांधकामाची वाळू होती,
कान फाटलेली एक भाटी तिथे उकरून झाकायची
आणि मी तिथेच भातुकली मांडायचे.
वाळूचा भात, वाळूचीच आमटी.
चार दिवस कणकण आली असेल, आईने काढा दिला असेल.
तो गेला नाही, झोपला,
मांडीत, कदाचित मेंदूतही,
मुटकुळं करून.
रक्त मात्र तेव्हापासून पहाऱ्याला जागं.

बाकीच्या जंतूंशी माझी अशी ओळख नाही.
हातमोजे बदलले. उद्या ग्वेनला सांगेन.

संध्याकाळी रटलेजला फोन केला.
त्या नऊजणी सोमवारच्या बाजारात काढतो म्हणाला.
नको, म्हटलं. गाभडल्यात त्यांनाच ठेवा.
पुढच्या खेपेला त्यांचं राहील.
तो बराच वेळ गप्प. मागे कोकरू ओरडत होतं.

"आणि मांजर?"
म्हातारी आहे का?
"माझ्याहून."
मग असू दे, म्हटलं.
खाद्याची पिंपं तेवढी झाकून ठेवा.