लाल खोली मंगळवारी बंद

सकाळचे पावणेआठ. बाहेर अजून रात्रच,
साडेदहापर्यंत राहील.
फ्योर्डच्या पलीकडे मासळी कारखान्याचे दिवे,
अलीकडे आमची एक ट्यूब, तीही फडफडणारी.
मी दारावर कागद चिकटवते:
लाल खोली मंगळवारी बंद. कर्मचारी अपुरे. क्षमस्व.
क्षमस्व नगरपालिकेने छापून पाठवलंय,
वार तेवढा आम्ही हाताने भरतो.

हिशेब सोपा आहे, म्हणाल्या त्या बाई,
राजधानीहून विमानाने आलेल्या.
एका मोठ्यामागे चार लहान.
आणि यॉरुन आजारी पडली तर? मी विचारलं.
तर एकीमागे आठ. आठ चालत नाहीत.
म्हणून शून्य.
शून्य नियमात बसतं.

त्यांच्या फाइलीत अनुदानाचे रकाने होते,
वाटीतलं ताटात, ताटातलं वाटीत.
बर्फाचा पोशाख कुठे नव्हता:
एक चेन, दोन बूट, दोन हातमोजे,
त्यातला एक हमखास हरवलेला,
साडेतीन मिनिटं प्रत्येकी,
आणि शेवटच्याचं होतं तोवर पहिल्याला शू लागलेली.

नियम मूर्ख आहे असं मी म्हणणार नाही.
तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्याकडे एकटीकडे नऊ होती.
दोघी फाटकाबाहेर गेल्या, सील बघायला,
धक्क्याच्या अगदी टोकापर्यंत.
काही झालं नाही, असं अहवालात आहे.
ती धाव माझ्या गुडघ्यात आहे अजून.

बोझेना आली. कारखान्याचे पांढरे बूट,
कडेवर ओलेक, झोपेने जड.
कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर लावते.
ही भाषा तिला इथेच भेटली,
पावत्यांवर, सूचनांवर, औषधांच्या बाटल्यांवर.
नवरा बोटीवर, शुक्रवारपर्यंत.
आठची पाळी.
"दुपारपर्यंत तरी?"
मी मान हलवते. बाकी काय हलवणार?

कुटुंब आधार केंद्राचा नंबर आहे भिंतीवर.
नव्वद किलोमीटर, मधे घाट, घाटात बर्फ.
फोन लावला तर एक गोड आवाज म्हणतो,
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

माझ्या कोटाच्या खिशात एक पत्र आहे.
तिला माहीत नाही. यॉरुनलाही नाही.
कारखान्यात माणसं हवीत,
पगार इथल्या दीडपट.
एकवीस वर्षं मी नाकं पुसली, झोपाळे ढकलले,
चावणाऱ्याला चावू नये हे शिकवलं,
आई गेलेल्या एका मुलाला
सबंध मार्च महिना मांडीवर घेऊन बसले.
कॉडला माझे हात जास्त भावाने लागतात.
पुढल्या महिन्यात मी पट्ट्यापाशी बोझेनाच्या शेजारी उभी असेन,
आणि दारावरच्या कागदात
बुधवारही भरलेला असेल.

ती मुकादमाला फोन करते.
पोलिश, हळू, मग आणखी हळू.
फोन ठेवते. जात नाही.
बोळातल्या बुटक्या बाकावर बसते, गुडघे हनुवटीशी.
तेवढ्यात पिवळ्या खोलीतली पोरं बाहेर निघतात,
इल्वाची चेन अडकलेली, इल्वा रडायच्या बेतात,
आणि बोझेना खाली वाकून
तोंडाने जराशी वाफ देते धातूला,
चेन सुटते.
मग ती पुढच्याचे हातमोजे धरते.
मग त्याच्या पुढच्याचे.

मोठी माणसं, मोजली तर, एक जास्त.
पण तिचं नाव यादीत नाही,
पोलिसांचा दाखला नाही, प्रशिक्षण नाही,
तिच्या बोटांना मासळीचा वास.
मी तिला थांबवायला हवं.
मी तिच्याकडे पाठ करून
हरवलेला हातमोजा शोधते,
तो हीटरमागे सापडतो, वाळून कडक झालेला,
अंगठा वर.

कागद दारावर तसाच.
पत्र खिशात तसंच,
त्यावर आता ओल्या लोकरीचा डाग.