एक वेळ

तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तळ्याअलीकडे,
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"पॅकेजात एकच बसतंय मॅडम,
सकाळचा नाष्टा, नाहीतर रात्रीचं जेवण. आत्ताच सांगा की."

व्यंकटेशनं मोबाइलवर हिशेब मांडला:
रात्रीचं घेतलं तर माणशी दोनशेचा फायदा.
पोरांना पनीर हवं होतं, आणि तंदूरजवळचं टेबल.
मी मान डोलावली.
अम्मा पिशवी मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला.
तिला कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळचं घ्या," ती म्हणाली.

मग रात्री एसीच्या खोलीत
पलंगावर पेपर अंथरून
आम्ही कडक भाकरी मोडली,
शेंगाचटणी, वर दही.
धाकट्यानं तेल सांडलं.
अम्मानं डाग सोडून चादरीची वीण बघितली,
"आपल्याकडची नाही."

सकाळी सहाला ती रेस्टॉरंटच्या दारात.
आठला उघडतं म्हटलं तरी हलेना.
अप्पांचा पहिल्या पाळीचा डबा
भोंग्याआधी भरलेला असायचा;
तिनं त्या वेळी काय खाल्लं, आठवत नाही.
म्हणजे, मी बघितलंच नव्हतं.

इडली आली, वाफेसकट.
चटणीत चिंच कमी आहे म्हणाली
आणि चार खाल्ल्या.
पाचवी घेताना वाढणाऱ्याला विचारलं,
"तू खाल्लास का रं?"
"आमचं अकराला, आज्जी."

हात ताटावर जरा थांबला.
दाराकडं बघितलं, भटारखान्याच्या.
मग खाल्ली तिनं,
सावकाश,
पाचवीही.