खिडकी क्रमांक चार

ड्युलुथच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
काचेखाली हात जाईल एवढी फट आहे.
तिच्यातून मी फॉर्म देते.
सल्ला देत नाही. तशी पाटीच लावलीय
माझ्या डोक्यावर,
आणि पाटीखाली मी, सतरा वर्षं.

लोक पाटी वाचत नाहीत. तोंड वाचतात.

सोमवारी ऑर्व्हिल टॉर्गर्सन आला.
गोठलेल्या तळ्यावर मासे धरायची त्याची खोपटी,
ती कुणाची?
जानेवारीत बर्फावर असते,
मार्चमध्ये ओढून अंगणात आणतात.
अंगण आता बायकोचं.
"मग मार्चनंतर ती तिची होते का?"
मी म्हटलं, मालमत्तेची यादी, पान तीन.
तो म्हणाला, शेगडी मी बसवली, पडदे तिने शिवले.
पान तीनवर पडद्यांना रकाना नाही.
बराच वेळ पेन हातात धरून उभा राहिला.

मग आर्डिस किनुनेन, बेकरीतून तशीच आलेली,
मनगटावर पीठ.
कार्ड दोघांच्या नावावर. घर सोडून गेल्यावर
त्याने त्या कार्डावर बोटीचं इंजिन घेतलं.
"हे कर्ज त्याचं, असं जजने लिहून दिलंय.
मग बँक मला का फोन करते?"
निकालपत्रावर बँकेची सही नसते, आर्डिस.
हे मी मनात म्हटलं.
तोंडाने म्हटलं, तळमजल्यावर वकील बसतात, गुरुवारी, फुकट.
ठाऊक असणं आणि सांगणं
यांच्यामध्ये अर्धा इंच काच.

काडीमोड म्हणतात.
काडी मोडताना कट्कन आवाज तरी येतो.
माझ्या नि लाइलच्या वेळी पंखा घरघरत होता फक्त,
आणि अकरा मिनिटांत
आम्ही जिन्यावर होतो, कुणी आधी उतरायचं
याची वाट बघत.
घर विकून बँकेचं देणं फेडलं,
उरलं त्यात एक जुनी गाडी आली असती.
त्याच्या पेन्शनमधला माझा वाटा ठरला.
ब्रिटा दहाची होती; करपत्रकावर
सम साली माझी, विषम साली त्याची.
ती विचारायची, यंदा मी कुणाची?
मी म्हणायचे, झोप.

लाइल फेब्रुवारीत गेला.
एप्रिलमध्ये कागद गिरणीच्या विम्याचा चेक आला,
माझ्या नावाने.
सव्वीस वर्षांपूर्वी कामावर लागताना भरलेलं कार्ड.
नॉमिनी: मी. नातं: पत्नी.
नऊ वर्षांत त्याने ते बदललं नाही.
यात काही शोधू नका.
तो दूध आणायलाही विसरायचा.

तरी मी ते अक्षर पाहत बसले.
चेक अजून हातमोज्यांच्या खणात आहे.

आज दुपारी फटीपलीकडे एक कोट दिसला,
सगळ्या गुंड्या लावलेला.
"माझ्या नवऱ्याचा विमा," ती फॉर्मच्या चळतीशी बोलली,
"गिरणीवाले म्हणतात पैसे गेले.
कुणाला, ते सांगत नाहीत.
त्यासाठी कुठला फॉर्म?"
मग तिने वर पाहिलं.
मर्ना.
ब्रिटाच्या शाळेच्या निरोपाला आम्ही
सहा खुर्च्या सोडून बसलो होतो.

"याचा फॉर्म नाही," मी म्हटलं.
खरंच नाही.

खिडकीत "थोड्या वेळात येते"चा पुठ्ठा ठेवला
आणि बाजूच्या दारातून, लांबच्या वळशाने
काचेच्या तिकडे गेले.
तिकडून पाटी बरीच मोठी दिसते,
आणि आत माझी खुर्ची,
पाठीवर स्वेटर, जणू कुणी बसलंय.

बाकावर ती एका टोकाला, मी दुसऱ्या.
कॉफीच्या यंत्रात तिचं नाणं अडकलं,
मी डाव्या बाजूला एक थाप दिली.
"छप्पर अर्धंच झालंय," ती म्हणाली,
"त्यानेच काढलं होतं उकलायला.
आता ताडपत्री आहे."

रजिस्टरमध्ये याची नोंद होणार नाही.
मी विचारलं, किती लागतील?