पाच-वीस, चौदा

भेगाळलेल्या टायरच्या गालावरचा आकडा
रुबाब तडवीने रॉकेलच्या फडक्याने पुसला,
आणि चुकलेल्या म्हाताऱ्याला गाव विचारावं
तसा हळूच वाचला: पाच-वीस, चौदा.
"हा माल आता येत नाही ताई.
आलाच तर जळगावात, सोन्याच्या भावाने,
आणि तोही गोदामात पडून वाळलेला."

यावल-फैजपूर रस्त्यावर
केळीच्या ट्रकांच्या पंक्चरवर चालणारं त्याचं दुकान.
दारात निंबाखाली आईची फियाट, अडुसष्ट सालची,
विटांच्या चार थप्प्यांवर,
लुगडं वर धरून पाण्यात उतरलेल्या बाईसारखी.

कौस्तुभने मोबाइलवर चाकं आधीच पसंत केलेली:
अलॉय, पाच पाकळ्यांची,
वर एकशे पंचाहत्तर-पासष्टचे रुंद टायर.
"आजीची गाडी कशी जमिनीला बसेल बघ."
नमुन्याला मागवलेलं एक चाक रुबाबने पुढे केलं.
इथे चार भोकं, तिथे चार.
लागलंच, असं वाटलं.
मग त्याने पट्टी काढली.
गाडीचं माप अठ्ठ्याण्णव, चाकाचं शंभर.
"दोनच मिलिमीटर," कौस्तुभ हसला.
"सोयरीक तेवढ्यावरच मोडते दादा.
आवळून बसवेन मी.
पण तिरकं बसलेलं रोज थोडं थोडं ढिलं होतं
आणि सुटतं ते नेमकं पालच्या घाटात."

मग निदान टायर तरी रुंद घेऊ, मी म्हणाले,
जुन्याच रिमवर.
तो बोलला नाही. फरशीवर खडूची रेघ ओढली,
जुना आणि नवा शेजारी उभे करून
एकेक फेरा लोळवला.
नव्याचा फेरा अलीकडेच संपला.
मधली जागा बोटांनी मोजली: पाच.
"दर फेऱ्याला पाच बोटं खोटी.
मीटर साठ म्हणेल, गाडी सत्तावन्नच.
मीटरचं काय, चाक सांगेल ते तो मानतो."

आईची वही आरसी बुकाबरोबर पर्समध्ये आली होती.
डॉ. इंदुमती फिरके. आत पेशंटचं नाव कुठेच नाही,
फक्त गाव, मीटरचा आकडा, मूल:
हिंगोणा, ३८२१७, मुलगी.
सांगवी, ३८२६०, मुलगा, पायाळू.
किनगाव, ३८३०२, जुळी, एक.

पावसाळ्यात काळी माती पाय धरते.
बैलगाडीच्या चाकोरीत हे अरुंद टायर
दोन्ही नाही, पण एका बाजूचे तरी नेमके बसायचे.
ती अशी चाकोरी धरून जायची,
आणि गाव म्हणायचं, बाई चाकोरीबाहेरची.

रुबाबचं बोट एका ओळीवर थांबलं.
वड्री, ४१२०६, पुढे पायी, मुलगा.
"आमचा पाडा तिथून दोन कोस वर."
त्याने वर्षं मोजली, मीही मोजली. जुळेनात.
तो नव्हे, त्याचा थोरला असेल,
किंवा दुसराच कुणी.
पण ते दोन कोस कुठल्याच मीटरवर नाहीत,
आणि तिच्या चपलांचा साईज
मला आठवत नाही.

शेवटी एकशे पंचावन्न-ऐंशी घेतले. रेडियल, चौदाचेच.
"यातही दीड बोट कमी पडेल," रुबाब म्हणाला,
"ते मी सांगितलं असं लक्षात ठेवा."
जुन्या रिमला हवा धरवत नाही म्हणून आत ट्यूब टाकली.
पुढे बावीस, मागे सव्वीस.
चाकांच्या टोप्या तीनच,
चौथी मोर नदीने कधीच नेली.

स्टिअरिंगवरचा गिअर पाडला. गाडी विटांना विसरली.
कौस्तुभ शेजारी, मोबाइल मांडीवर उलटा.
हिंगोण्याच्या पुढे त्याने विचारलं,
"किती झाले गं?"
मी मीटरकडे पाहिलं,
आणि सांगण्याआधी
मनात दीड बोट वजा केलं.